बाहेर नेऊ नये

१ मार्च, रविवार

एखादी वस्तू आपली आहे हे नेमकं कशावरून ठरतं? जिने जपली तिची, की ज्याने आणली त्याची? मला उत्तर देता येत नाही. घरातली पहिली पदवीधर असूनही येत नाही. उद्या नीट विचार करणे.

निमित्त असं, की दादाच्या खोलीतला माळा रिकामा करताना बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा थेट माझ्या पायावर पडला. आत माझी क्रिकेटची कार्डं! च्युइंगमच्या पाकिटात एकेक मिळायचं. साठांचा संच. इतक्या वर्षांनी झाकण उघडलं तरी तोच गुळमट वास. अंगठा सुजला आहे, पण मन भरून आलं.

दादा शिडीवरून उतरला. अरे, हा अजून आहे होय, म्हणाला. मिशीवाल्या डावखुऱ्याचं कार्ड हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला. मी ते हळूच काढून घेतलं. त्याच्या बोटांना ग्रीस असतं.

आई म्हणाली, डबा चांगला आहे, साखरेला होईल.

२९ तारखेला दादा, वहिनी आणि भाची दुसऱ्या गावी राहायला जाणार. दादाला तिथल्या बस वर्कशॉपमध्ये नोकरी लागली आहे, क्वार्टरही आहे. त्याची खोली माझी अभ्यासिका होणार. मला वाईट वाटत नाही. जागेची गरज होतीच.

२ मार्च, सोमवार

कार्डं मोजली. ५९. चोवीस नंबर नाही. तीनदा मोजली तरी नाही.

लहानपणापासून मी किती शिस्तीची होते! कोपरा दुमडलेलं एकही कार्ड नाही. हे वेड वाया जाऊ द्यायचं नाही. संकल्प: मी नोकरीला आहे त्या वाचनालयाच्या बालविभागात या कार्डांचं प्रदर्शन भरवायचं. मुलं कार्डं बघायला येतील आणि पुस्तकं घेऊन जातील. बालविभागात सध्या फक्त जुन्या खुर्च्या येतात.

दादाला सांगितलं. तो म्हणाला, करा की, मॅडम. हे मॅडम गेले तीन महिने चालू आहे. त्याआधी मी पिटुकली होते. वाचनालयाच्या त्रैमासिकात माझा लेख आला त्या दिवसापासून हा बदल झाला. लेखात मी एवढंच लिहिलं होतं, की आमच्या घरात वाचायला शिकवणारं कोणी नव्हतं, अक्षरं मी माझी मीच ओळखली. सगळ्यांना आवडला. शिपायाच्या डोळ्यांत पाणी आलं. दादाला मात्र यश बघवत नाही. मी त्याला मनातून क्षमा केली आहे. त्याला हे माहीत नाही, त्यामुळे उपयोग होत नाही.

४ मार्च, बुधवार

ग्रंथपाल बाईंना भेटले. वीस मिनिटं बोलले. बाईंनी चष्मा काढून विचारलं, किती मुलं येतील. मी म्हणाले, पन्नास. का म्हणाले कोण जाणे. बाईंनी ते लिहून घेतलं.

परवानगी मिळाली. एकच अट: वाचनालयात जी वस्तू मांडायची ती आधी दाखल नोंदवहीत चढवायची. नोंद नसलेल्या वस्तूची जबाबदारी वाचनालय घेत नाही.

मी म्हणाले, नियम म्हणजे नियम. बाईंनी पहिल्यांदाच माझ्याकडे मायेने बघितलं.

७ मार्च, शनिवार

चोवीस नंबरसाठी शोधमोहीम. शाळेतल्या चार मैत्रिणींना मेसेज. एकीने लग्नाचे फोटो पाठवले, एकीने विमा घेतेस का विचारलं. नेटवर जाहिरात दिली.

दादा जेवताना म्हणाला, चोवीस कशाला शोधतेस, मिळायचं नाही ते. मी म्हणाले, चिकाटी नावाची एक गोष्ट असते. वहिनी खाली बघून हसली. वहिनी हल्ली फार हसते. जाण्याचा आनंद असणार.

प्रदर्शनासाठी आठवणी लिहून काढते आहे. आमचा खेळ: दोघांनी एकेक कार्ड उघडायचं, ज्याच्या धावा जास्त त्याने दोन्ही घ्यायची. दादा माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा, तरी नेहमी मीच जिंकायचे. त्याला वाचनाचा कंटाळा. डोळे मिटून उताणा पडायचा आणि म्हणायचा, दोघांचे आकडे तूच वाच. शिवाय जिंकलेल्या कार्डामागचा सगळा मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवावा लागे, नाहीतर कार्ड मिळत नसे. म्हणजे पाचव्या वर्षापासून मी घरात वाचनप्रसार करत होते!

दोघांचे आकडे मीच वाचायचे, हे लिहिताना जरा अडखळले. पण ते वय निराळं होतं.

९ मार्च, सोमवार

नोंदणी पूर्ण! प्रत्येक कार्डाला दाखल क्रमांक आणि शिक्का. पुस्तकाला तीन शिक्के असतात: पहिल्या पानावर, शेवटच्या पानावर आणि सतराव्या पानावर. सतराव्यावरचा चोराला पकडायला. कार्डाला सतरावं पान नसल्यामुळे मी दोन्ही बाजूंना दणकून मारले. शिक्का संदर्भ विभागाचा घेतला, म्हणजे कार्डं सुरक्षित: संदर्भ. बाहेर नेऊ नये.

शिपाई बाजूला उभा होता. म्हणाला, ताई, तोंडावर का मारताय? मी त्याला समजावलं, की अर्धवट नोंदणीतून पुढे घोळ होतात. मिशीवाल्याची मिशी आता दिसत नाही. नियमाला इलाज नाही.

घरी आल्यावर दादाला अभिमानाने सांगितलं. तो जेवायचा थांबला, मग परत जेवू लागला. मग म्हणाला, सगळ्यांना? मी म्हणाले, एकूणएक. तो हात धुवायला उठला. पान अर्धं तसंच.

त्याला माझ्या कामाचं कौतुक कधी होतच नाही.

१२ मार्च, गुरुवार

विजय! जाहिरातीला उत्तर आलं. एका संग्राहकाकडे चोवीस नंबर दोन आहेत. एक द्यायला तयार, बदल्यात माझं एकतीस नंबर हवं. एकतीस म्हणजे टोपी उलटी घातलेला यष्टिरक्षक, फार दुर्मीळ म्हणे. मी उदार मनाने हो म्हणाले. एकतीस दुसरीकडून मिळवता येईल.

दादाला मुद्दाम ऐकू जाईल अशा आवाजात आईला सांगितलं. आई म्हणाली, मग डबा रिकामा होतोय का?

१४ मार्च, शनिवार

संग्राहक वाचनालयात आला. पांढरे हातमोजे घालून आला. माझ्यासारखाच माणूस, असं वाटलं.

मी एकतीस पुढे केलं. त्याने एका बाजूने बघितलं, उलटं करून दुसऱ्या बाजूने बघितलं, मग बाकीची बघितली. मग विचारलं, एवढे सगळे एकदम अटकेत कसे? मी नोंदणीची पद्धत समजावायला लागले. तो म्हणाला, ताई, आगीत वाचलेली कार्डं बघितली आहेत, उंदराने खाल्लेली बघितली आहेत, पण कुणी स्वतःच्या हाताने, एवढ्या टापटिपीने... हातमोजे काढले आणि गेला. चहा तसाच राहिला, तो शिपाई प्यायला.

मी चिडलेली नाही. संग्राहक आणि अभ्यासक यांत फरक असतोच.

पण शिपायाने अटकेत हा शब्द संध्याकाळपर्यंत सहा जणांना सांगितला.

१५ मार्च, रविवार

प्रदर्शनाचं उद्घाटन. माहितीफलक माझ्या अक्षरात, मोठा: हा संग्रह जिने केला त्या मुलीच्या घरात वाचायला शिकवणारं कोणी नव्हतं. या कार्डांवरून ती स्वतःच वाचायला शिकली.

चोवीस नंबरची जागा रिकामी ठेवून खाली लिहिलं: शोध सुरू आहे.

आलेली मुलं: तीन. त्यातल्या दोघांना बाथरूम हवं होतं. तिसऱ्याने विचारलं, हे खेळाडू बाद आहेत का? शिक्के बघून. मी त्याला पुस्तक देऊ केलं, तर पळाला. पेपर वाचायला येणारे आजोबा मात्र तासभर बसले. त्या कोपऱ्यात पंखा चांगला लागतो म्हणाले.

बाईंनी पन्नास लिहिलेला कागद काढला, तीन लिहिलं, कागद ठेवून दिला. त्यापेक्षा बोलल्या असत्या तर बरं.

पहिला दिवस कुणाचाही असाच जातो.

१७ मार्च, मंगळवार

आश्चर्य! दादा आला. इथल्या वर्कशॉपमधला शेवटचा आठवडा असून, जेवणाच्या सुट्टीत, हात स्वच्छ धुऊन. कार्डांकडे फारसं बघितलंच नाही. फलकासमोर उभा राहिला. चार ओळींना किती वेळ लागावा? माझं मनात दोनदा वाचून झालं तरी हा तिथेच. वाचायची सवय नसली की असं होतं.

मग म्हणाला, एक चूक आहे. आणि गेला.

१८ मार्च, बुधवार

चूक कुठली? ऱ्हस्वदीर्घ तपासले. शब्दकोश काढला. बाईंना दाखवलं, त्या म्हणाल्या, लिहिणं बरोबर आहे. कार्डं मोजली, ५९ भरली. संचाचं वर्ष तपासलं.

चूक नाहीच. उगाच माझ्या डोक्याला भुंगा लावून दिला. नववीत शाळा सोडलेल्या माणसाने पदवीधराची चूक काढायची, ही हौस. मी त्याला विचारणार नाही.

१९ मार्च, गुरुवार

विचारलं. तो गॅसची शेगडी फडक्यात बांधत होता. म्हणाला, तू हुशार आहेस, सापडेल. सुतळी दे.

सुतळी दिली. वर एक सल्लाही दिला, की खोक्यांवर क्रमांक टाकून यादी कर. तो म्हणाला, शिक्का पण मारून ठेव, मॅडम.

यापुढे २९ तारखेपर्यंत त्याच्याशी फक्त कामापुरतं बोलायचं.

२२ मार्च, रविवार

कामापुरतंसुद्धा बोलवत नाही. सकाळी ११ वाजता जे झालं ते लिहून ठेवते.

प्रदर्शन उठवलं. सात दिवसांत एकूण मुलं अकरा, त्यात तीच तीन पुन्हा. कार्डं गुपचूप पिशवीत घालून घरी आणली. भाचीने पिशवी उघडली आणि म्हणाली, आत्या, खेळू या. सात वर्षांची आहे, अजून अडखळत वाचते. मी म्हटलं, चल.

तिने कार्ड उघडलं, ओळीखाली बोट धरलं आणि शिक्क्याच्या आजूबाजूने वाचलं: धावा, चार हजार दोनशे. माझ्या कार्डावर तीन हजार. मी दिलं. मग तिने मागचा सगळा मजकूर वाचला. सामने, शतकं, आवडता छंद मासेमारी. मी विचारलं, हे बोट धरायला शाळेत शिकवलं? ती म्हणाली, छे, बाबांनी. बाबा म्हणतात, बोट सुटलं की कार्ड गेलं. तुलाही असंच शिकवलं ना त्यांनी?

मी म्हणाले, कोणी सांगितलं?

ती म्हणाली, बाबांनीच. बाबा म्हणाले, आत्या लहानपणी धावा वाढवून सांगायची. बाबांना डोळ्याच्या फटीतून दिसायचं. पण जिंकली नाही तर ती मागचं वाचायची नाही, म्हणून बाबा हरायचे. गम पण बाबांना आवडायचा नाही, तुझ्यासाठी घ्यायचे. आत्या, तुझी पाळी.

मी उठून बाथरूममध्ये जाऊन बसले. साडेअकराला आईने दार वाजवून विचारलं, पदवी घेऊन पाणी बंद करता येत नाही का? नळ चालूच राहिला होता.

चूक सापडली. फलकावर चार ओळी. चारही चूक.

२३ मार्च, सोमवार

जरा बाजू माझीही आहे. पाच वर्षांच्या मुलीला काय कळतं? तिला वाटणारच की आपणच शिकलो.

तेवीस वर्षांच्या बाईला कळायला हवं होतं का, हा निराळा मुद्दा. त्यावर आज लिहीत नाही.

२४ मार्च, मंगळवार

त्रैमासिकासाठी खुलासा लिहिला. नऊ पानं. शिक्षण म्हणजे काय, इथपासून सुरुवात. बाईंनी वजन करून बघितल्यासारखा हातात धरला. म्हणाल्या, अंक उद्या छापायला जातोय, मागच्या पानावर तळाला दोन ओळींची जागा आहे.

दोन ओळींत कसं मावणार? दुपारभर बसले. नऊ पानांतून दोन ओळी काढता येईनात. शेवटी नऊ पानं फाडली आणि नव्याने दोन ओळी लिहिल्या. बाईंनी वाचल्या. पेन्सिल हातात होती, पण काही खोडलं नाही.

२६ मार्च, गुरुवार

ठरलं. कार्डं दादाबरोबर जाणार. भाचीचं वाचन अर्धं झालंय.

एवढी साधी गोष्ट. सकाळी कार्डांची पिशवी घेऊन बाईंना रीतसर सांगायला गेले आणि कळलं, की नाही नेता येत. आता ती वाचनालयाची. नोंदवहीत ५९ दाखल क्रमांक, माझ्याच अक्षरात. मी म्हणाले, पण कार्डं माझी आहेत. बाईंनी एक कार्ड उलटं करून माझ्यासमोर ठेवलं. संदर्भ. बाहेर नेऊ नये. उलटं केलं. संदर्भ. बाहेर नेऊ नये. बाई म्हणाल्या, आणि नियम म्हणजे नियम, हे तुम्हीच म्हणाला होतात. शिवाय प्रदर्शन संपल्यावर कुणाच्या परवानगीने घरी नेलीत?

म्हणजे चार दिवस मी चोर होते. सतरावं पान माझ्यासाठीच होतं.

मार्ग एकच: बाद करणे. फाटक्या पुस्तकांसारखं. प्रत्येक कार्डाला बादचा शिक्का, नोंदवहीत प्रत्येकासमोर कारण.

२७ मार्च, शुक्रवार

५९ कार्डं. परत दोन्ही बाजूंना. शिपायाने शाईचा पॅड धरला. म्हणाला, ताई, सुटले एकदाचे बिचारे. मी पुढचं कार्ड घेतलं. हात भरून आला आहे.

यष्टिरक्षकाची फक्त टोपी उरली.

कारणाचा रकाना रिकामा ठेवून घरी आले. सुचत नाही.

२८ मार्च, शनिवार

संध्याकाळी छापखान्यातून अंक आला. दादा खोलीत एकटा होता, पलंगाचे स्क्रू काढत होता. काय बोलायचं ते मी पाठ केलं होतं. दारात गेल्यावर सगळं विसरले आणि मागचं पान त्याच्यासमोर धरलं.

छापलंय ते असं: मागील अंकातील माझ्या लेखात चूक आहे. मला वाचायला माझ्या दादाने शिकवले.

दादाने हात पँटला पुसले. ओळीखाली बोट धरलं आणि एकेक शब्द सावकाश वाचला. मोठ्याने. मुद्दाम, मला समजलं. वाचून झाल्यावर म्हणाला, आता बरोबर आहे. अंकावर ग्रीसचं बोट उमटलं. उमटू दे.

मी म्हणाले, धावा मी वाढवून सांगायचे. तो म्हणाला, एकदा एका कसोटीत नऊ हजार सांगितल्यास, पिटुकले. तेव्हा मला हसू दाबून दाबून ठसका लागला होता, म्हणाला.

तीन महिन्यांनी पिटुकले! मी रडले नाही. खोलीत सामान हलवल्याची धूळ होती.

मग त्याने लायसन्सचं पाकीट काढलं आणि लायसन्सच्या मागून एक कार्ड ओढून माझ्या हातात दिलं. चोवीस नंबर. घडी पडलेलं, कडा विरलेल्या. खेळाडूच्या तोंडावर निळ्या पेनने वेडंवाकडं लिहिलेलं: दादा. एक काना उलटा.

म्हणाला, तू लिहिलेला पहिला शब्द. हे मी कधी खेळायला काढलंच नाही. घे, तुझा संच पूर्ण कर.

म्हणजे मी महिनाभर गाव धुंडाळत होते आणि चोवीस नंबर रोज समोर बसून जेवत होता. आणि म्हणजे, कार्डाच्या तोंडावर छाप मारायची माझी खोड जुनीच.

२९ मार्च, रविवार. रात्रीपर्यंत थांबत नाही, आताच लिहिते, दुपारी २.

टेम्पो सकाळी साडेनऊला गेला. वहिनीने मला मिठी मारली आणि खिडकीत बसून रडली. इतके दिवस मी उगाच समजत होते, की तिला आनंद झालाय. दादाने टायर तपासले, परत तपासले, आणखी एकदा तपासले.

पत्र्याचा डबा निघायच्या आधीच भाचीच्या पायाशी ठेवला होता, ५९ कार्डांसकट. दादाला न सांगता. सांगितलं असतं तर त्याने घेतला नसता. आईने डबा जाताना पाहिला आणि फक्त म्हणाली, राहू दे, साखरेला दुसरा बघू.

चोवीस नंबर डब्यात घातलं नाही. इतकी वर्षं ते लायसन्समागेच राहिलं, म्हणून त्याच्या पाकिटात परत सरकवलं. तो दात घासत होता तेव्हा.

माझ्याकडे आता शून्य कार्डं आहेत. अभ्यासिका मोकळी आहे. टेबल कुठे ठेवायचं त्याचा आराखडा तीन आठवडे तयार आहे. अजून आत गेले नाही.

टेम्पो गेल्यावर सरळ वाचनालयात गेले. रविवारी अर्धा दिवस उघडं असतं. नोंदवही काढली आणि कारणाच्या रकान्यात ५९ वेळा लिहिलं: मूळ मालकास परत. खाली वरीलप्रमाणे अशी खूण केली नाही, प्रत्येक वेळी पूर्ण लिहिलं.

बाईंनी चष्मा लावून बघितलं. म्हणाल्या, नियमात तीनच कारणं आहेत. फाटले, हरवले, वाळवी लागली. यातलं एक लिहा.

मी म्हणाले, बाई, शाईने लिहिलंय. आणि सहीही केली आहे.